शेवटचा रकाना

"बदलत राहणारी गोष्ट नुसती उचलून चिकटवू नकोस गं. मुळाशी जोडून घे." निवृत्त होताना माहिती-कक्षातल्या मोठ्या बाईंनी तिला बजावलं होतं. आवाज मऊ, सांगणं मात्र ठाम. तिने मान डोलावली होती... आणि त्या शुक्रवारी घाईघाईत विसरूनही गेली होती.

वनस्पती-उद्यानाचं पत्रक ती तयार करायची. कुठे काय फुललंय ते वाचून लोक आत शिरत. फुलांचा तक्ता असायचा काचघर सांभाळणाऱ्याच्या फाईलमध्ये. तिने तो कॉपी केला, आपल्या पानावर चिकटवला नि मोकळी झाली.

सोमवारी दुपारी दारात कुणी उभं राहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत एक वाळकं पान, हातात तिचंच पत्रक.

"पांढरी कमळं फुलली आहेत, हे तुम्ही लिहिलंत?"

"तुमच्याच तक्त्यात होतं की!"

"शुक्रवारी होतं. शनिवारी मी ती ओळ बदलली. आज एक आजी-आजोबा बस बदलत बदलत आले, आणि नुसती पानं बघून गेले."

तो रागावला नव्हता. तिला तेच जास्त लागलं.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "जोडून घ्यायला हवं होतं."

"नाहीतर असं करा, अख्खा तक्ताच तुमच्या पानात बसवून टाका. माझ्या फाईलशी संबंध नको, माझं तोंड बघायला नको."

"बसवलेला तक्ता माझ्यापाशीच राहील. तिकडे तुम्ही काय बदललंत, ते त्याला कुठून कळणार?" आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "शिवाय... तोंड काही वाईट नाही."

तो हसला. केसांतलं पान टेबलावर पडलं. दोघांनी ते पाहिलं, उचललं कुणीच नाही.

तक्ता जोडताना तिने फुलाचं नाव, जागा, बहर असे सगळे रकाने घेतले. शेवटचा रकाना होता त्याच्या स्वतःच्या नोंदींचा.

"तो सोडा हो. गबाळा आहे."

"असू दे. छापायच्या आधी मी काढून टाकत जाईन."

"मग वाचणार कोण?"

"मी," ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे अशी बघत बसली, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

त्यानंतरच्या सकाळी वेगळ्याच उजाडू लागल्या. पत्रक उघडलं की संगणक विचारायचा, जोडलेली माहिती ताजी करायची का? ती क्षणभर डोळे मिटायची, मनातल्या मनात देवाला हात जोडायची आणि 'हो' म्हणायची. मग ओळी हलायच्या, कालची कळी आज फूल व्हायची, आणि शेवटच्या रकान्यात त्याचा आवाज उमटायचा.

*कळी अजून पाण्याखाली. लाजतेय बहुधा.*

*काचेवर धुकं. बोटाने पुसून बघितलं. इथून माहिती-कक्षाचा दिवा दिसतो.*

दुसऱ्या दिवसापासून तो दिवा जरा लवकर लागू लागला. चहाच्या यंत्रापाशी गाठ पडली की तो विचारायचा, "काम फार वाढलंय वाटतं?" तीही कपात बघत म्हणायची, "काचा हल्ली फार पुसल्या जातात म्हणे!" त्यापुढे काही नाही. तेवढ्यावर तिचा दिवस तरंगत जायचा.

मग एक दिवस आईला ताप भरला आणि ती घरी राहिली. पत्रक काढलं हिशेब-कक्षातल्या मावशींनी.

ती परतली तेव्हा फाटकाजवळ बायकांचा घोळका हसत होता. फलकावर पत्रक होतं, आणि पत्रकावर... शेवटचा रकाना जसाच्या तसा.

*आज दिवा लागला नाही. एवढी फुलं आहेत, पण दाखवू कुणाला? तुमच्याशिवाय इथे करमत नाही. उद्या याल ना?*

"अगं बाई," घोळक्यातली एक म्हणाली, "हे कुठल्या वाटेवर फुललंय?"

ती कानापर्यंत लाल झाली. तशीच मावशींकडे गेली.

"मावशी, छापण्याआधी वाचायचं तरी!"

"मला काय माहीत? यंत्राने विचारलं, मी हो म्हटलं. लग्नातही असंच झालं होतं माझं." मग तिचा चेहरा पाहून मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो आला होता गं सकाळी. फलक वाचला, आणि मान खाली घालून निघून गेला."

तिने घाईने संगणक उघडला. 'हो' म्हटलं. जोडलेली फाईल सापडत नाही, असं उत्तर आलं. त्याने ती जागची हलवली होती. तक्ता दिसत होता, पण कालचा, थिजलेला.

तिला त्याचं मन वाचता आलं. आपल्यामुळे तिचं हसं झालं, असं वाटलं असणार त्याला. रकाना काढायचं काम तर तिचं होतं! आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते गुपित तिला एकटीला हवं होतं. आज आपण गप्प बसलो, तर तोही कायमचा गप्प होईल...

ती उठली. काचघराचं दार जड होतं, आतली हवा उबदार, ओल्या मातीच्या वासाची. तो कुंड्यांमध्ये पाठमोरा उभा होता.

"फाईल कुठे ठेवलीत?"

तो वळला नाही. "उद्यापासून कागदावर लिहून पाठवतो. तुम्हाला... पुन्हा त्रास नको."

"त्रास कुणी सांगितला? रकाना मीच जोडला होता. मला हवा होता म्हणून." ती एका दमात म्हणाली. "आणि तुम्ही विचारलंत, उद्या याल ना... तर आले मी."

झारीतून पाणी सांडत राहिलं, त्याच्या बुटावर. त्याला भानच नव्हतं.

"सगळ्या गावाने वाचलं हो ते," तो अखेर म्हणाला.

"वाचू दे. उत्तर तर मीच देणार ना?"

"मग... द्या."

"मलाही करमत नाही," ती म्हणाली. एवढंच. पण काचघरातलं पानन् पान ऐकत असल्यासारखं वाटलं तिला.

बऱ्याच वेळाने त्याने कोपऱ्यातली एक वेल दाखवली. "हिने पहिल्यांदाच कळी धरलीय. उद्या पहाटे उमलेल. तक्त्यात नाही लिहिणार. आधी तू बघायचंस, मग जगाने. येशील?"

"येईन."

"नक्की?"

"शब्द."

पहाटे घर अजून झोपेत होतं. तिने अंधारातच केस बांधले, चपला हातात घेतल्या. तरी आतून आवाज आलाच.

"कोण गं? इतक्या लवकर ऑफिस उघडलं तरी असेल का?"

"ऑफिस नाही, आई... एकाला शब्द दिलाय."

 आई अंथरुणातूनच म्हणाली, "स्वेटर घाल. आणि आल्यावर सांग मला सगळं."

तिने स्वेटर अंगावर चढवला, दार अलगद ओढून घेतलं, आणि उजेडाच्या आधी निघाली.