गुणाचं पोर

मिठागरावरची जेवणाची सुट्टी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. भाकरीची फडकी गेली, चुली थंडावल्या, दुधाचा रतीबही बंद पडला. कामगारांच्या पेशींत आता तेजलवकं होती. झाडाच्या पानात ऊन पकडून साखर बनवणारं हरितलवक असतं, त्याचाच हा प्रयोगशाळेत घडवलेला भाऊबंद. एकदा टोचून घेतलं, की कातडीच ऊन खाऊ लागते. जेवण मागायला कुणी येत नव्हतं. मालकाला आणखी काय हवं होतं!

चांगुणा तान्हं मूल घेऊन डॉक्टर सबनीसबाईंकडे आली. तेजलवक घडवणाऱ्यांत त्याही होत्या.

“अंधाऱ्या बाळंतखोलीत होतं तवा चुरूचुरू प्यायचं. मीबी तितं भाकर मागून खायची. बारशाला आंगणात आणलं, तवापासून तोंडच लावत नाय. सासू म्हनते, गुणाचं पोर हाय, रडत नाय. पन बाय, हे सुकत चाललंय.”

बाईंनी मूल तपासलं. बरगड्या वर आल्या होत्या आणि ते मजेत हसत होतं.

“तेजलवकं तुझ्याकडून याच्यात उतरलीत. पेशीतले असे भाग आईच्याच बीजातून येतात.”

“मंग उनानं पोट भराया नको?”

“झाडाला पानं किती, आणि माणसाची कातडी केवढी! मिळते ती चिमूटभर साखर. पोट भरत नाही, पण मेंदूला वाटतं भरलं. भूक तेवढी मरते.”

“तुमाला ठावं होतं?”

बाईंनी मान खाली घातली. “भूक मरते म्हणूनच तर योजना मंजूर झाली.”

चांगुणाच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. बाईंचं लक्ष आत्ता तिकडे गेलं.

“याला अंधारात ठेव. रडलं की पाज. मी उद्या शहरातून वरचं दूध आणते.”

घरी येऊन तिनं दारंखिडक्या लावून घेतल्या. दुपार कलताना मूल भुकेनं रडू लागलं. चांगुणाला आनंदानं भरून आलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं. ते अधाशासारखं ओढू लागलं आणि आणखीच किंचाळलं. दूध नव्हतं. कुठून असणार? आपण शेवटचं कधी जेवलो, हेच तिला आठवेना. शेजारणींना हाका मारल्या, तर एकीच्याही अंगावर दूध नव्हतं.

रडून रडून मूल काळंनिळं पडलं, तेव्हा तिच्यानं राहवेना. तिनं खिडकी उघडली.

ऊन अंगावर पडताच मूल शांत झालं आणि हसू लागलं.

“बग,” दारातून सासू कौतुकानं म्हणाली, “कसं गुणाचं पोर हाय.”