थाप पडल्याशिवाय

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. तेवढी ताकदही आता राहिलेली नाही.

मी गाड्या दुरुस्त करतो. जे हाताला लागत नाही ते मी मानत नाही. आणि हे अंधारात घडलेलं नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, वाहत्या रस्त्यावर घडलंय.

गॅरेज आम्हा दोघा भावांचं. दादा मोठा, मी धाकटा. दादाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे, कारण तो गाडीला कान लावायचा.

पिकअपच्या मागच्या एक्सलमधून घरघर यायला लागली की फार घोळ होतो. केबिनमध्ये बसलं की आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते कळत नाही. मग दादा मागच्या हौद्यात गोणपाट अंथरायचा, पालथा पडायचा आणि एक्सलच्या बरोबर वर पत्र्याला कान लावायचा. गाडी मी चालवायचो.

तो हातातल्या पान्याने पत्रा ठोकायचा. एक ठोका म्हणजे ड्रायव्हर साइड. दोन ठोके म्हणजे डावीकडची, क्लीनर साइड.

आणि शेवटी उघड्या तळहाताची एक मोठी थाप. म्हणजे काम झालं, थांब, मी उतरतो.

थाप पडल्याशिवाय तपासणी संपली असं दादा मानायचा नाही. एकदा मी मध्येच गाडी थांबवली तर दोन दिवस मला टोमणे मारत होता. म्हणे, पेशंटला टेबलावर टाकून डॉक्टर चहाला गेला.

त्या दुपारी गाडी दादाची स्वतःचीच होती. बरेच दिवस घरघरत होती. लोकांच्या गाड्यांपुढे स्वतःच्या गाडीला वेळ कुठून मिळणार?

आम्ही नेहमीची फेरी मारली. गोदामांचा सरळ रस्ता, मग पाण्याच्या टाकीचं वळण, मग परत.

ठोका आला नाही.

गॅरेजच्या दारात आलो तरी थाप नाही. मी खाली उतरून मागे गेलो आणि म्हटलं, “झोपलास की काय रे?”

दादा तसाच पालथा होता. कान पत्र्याला लावलेला. अजून ऐकत असल्यासारखा.

हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यात नेलं, पण नेण्यात काही अर्थ नव्हता.

मी रडलो नाही. वहिनी रडली, आई रडली, शेजारचा पंक्चरवाला रडला. मी माणसांना पाणी देत होतो, खुर्च्या मांडत होतो. अंगातली वायरच कोणीतरी काढून टाकल्यासारखं झालं होतं. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

महिना-दीड महिना पिकअप तशीच उभी राहिली.

मग एके सकाळी वहिनी गॅरेजवर आली. दुकानांना पाण्याचे जार पोचवायचं काम तिला मिळालं होतं. गाडी ती स्वतः चालवणार होती. आई थकलेली, मुलीला घरी सांभाळायला दुसरं कोणी नाही, म्हणून तीही शेजारच्या सीटवर बसणार.

“भावजी, मला एवढंच सांगा,” ती म्हणाली. “पोरीला घेऊन बसण्यासारखी गाडी आहे का?”

मी म्हटलं, बघून सांगतो.

मागचं बेअरिंग साफ गेलं की चालत्या गाडीचं चाक एक्सलसकट बाहेर येऊ शकतं. हे मला माहीत होतं. वहिनीला माहीत नव्हतं.

मी गाडी जॅकवर घेतली. चाकं हाताने फिरवली, हलवून पाहिली. दोन्हीकडे सारखंच. ऑइल काढून बोटांवर चोळलं. लोखंडाचा चुरा नाही. जॅकवर गाडी मुकी आणि रस्त्यावर उतरवली की घरघर सुरू.

मागे झोपून ऐकणारा कान हवा होता. तोच नव्हता.

शेवटी दुपारी एकटाच निघालो. निघताना हौदा झाडला. दादाचं गोणपाट कोपऱ्यात होतं, ते घडी करून तिथेच ठेवलं. एवढं मला नीट आठवतं.

सरळ रस्ता लागला. घरघर वाढली.

टाकीचं वळण आलं. मी गाडी वळवली आणि कान टवकारले. आवाज डावीकडून येतोय? की उजवीकडून? काही कळेना.

तेवढ्यात मागून…

ठक्. ठक्.

लोखंडावर लोखंड.

मी आरशात पाहिलं नाही. आधी वळण पूर्ण केलं. मग मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं.

हौद्यात कोणी नव्हतं.

पण गोणपाट…

गोणपाट अंथरलेलं होतं. एक्सलच्या बरोबर वर.

वाऱ्याने उलगडलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण वाऱ्याने त्याचे चारही कोपरे सरळ केले होते.

मला घाम फुटायला हवा होता. नाही फुटला. मी फक्त “बरं” म्हणालो. दादा काही सांगायचा तेव्हा म्हणायचो तसं.

गॅरेजवर येऊन क्लीनर साइडचं चाक उतरवलं, एक्सल ओढला. बेअरिंग जळून निळं पडलं होतं. आणखी थोडे दिवस चाललं असतं, फार नाही.

ते मी हातात धरून बराच वेळ बसलो. मग नवीन बसवलं, ऑइल भरलं आणि पुन्हा फेरीला निघालो.

घरघर गेली होती. गाडी लोण्यासारखी चालत होती.

मी थापेची वाट पाहत होतो.

टाकीचं वळण गेलं. गोदामं गेली. गॅरेज आलं. मी थांबलो नाही, पुन्हा फेरी मारली. मग आणखी एक. पंक्चरवाला दारात उभा राहून माझ्याकडे बघायला लागला.

थाप पडलीच नाही.

मी स्वतःच ब्रेक मारला. वहिनीला फोन करून सांगितलं, गाडी ठीक आहे, बिनधास्त न्या. गोणपाट काही मी उचललं नाही. जिथे होतं तिथेच राहू दिलं. जारांखाली बरं पडेल असं वहिनीला सांगितलं.

पण डॉक्टरच्या हिशेबाने तपासणी संपलेली नव्हती. तो अजून ऐकत होता. मी रोज संध्याकाळी वहिनीला विचारायचो, गाडी कशी चालली? ती म्हणायची, छान. मला झोप लागायची नाही. डोळे उघडे ठेवून नुसता पडून राहायचो.

गेल्या आठवड्यात वहिनी ऑइल बदलायला गाडी घेऊन आली. उतरली ती गोंधळलेली.

“भावजी, पाठीमागे काही सैल आहे का?”

मी विचारलं, का?

“आत्ता तुमच्या दारात वळताना मागून आवाज आला. पत्र्यावर कोणी हात मारावा तसा. एकदाच. मी घाबरून गाडी थांबवली.”

मी मागच्या चाकाकडे पाहिलं.

“आणि थांबवल्यावर…” ती जरा अडखळली. “मागची बाजू थोडी वर उचलली गेली. कोणी उतरलं की होते ना, तशी. पण जार सगळे देऊन झाले होते. गाडी रिकामी होती हो.”

मुलगी पुढच्या सीटवर गाढ झोपली होती.

मी खाली वाकलो, स्प्रिंगचे पाटे पाहिले, उगाच हात फिरवला. वंगण सुकलंय, असं सांगितलं. थापेचा अर्थ वहिनीला कधीच माहीत नव्हता. मीही सांगितला नाही. म्हटलं, आता गाडीची काही काळजी नाही. हे बोलताना माझा आवाज कापला. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

ती गेल्यावर लक्षात आलं…

हौद्यात गोणपाट नव्हतं.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, सकाळी जार चढवताना तर होतं.

दादा उतरला, एवढं मला कळलं. आमच्याच दारात उतरला. पुढे कुठे गेला ते माहीत नाही.

मी गोणपाट शोधलेलं नाही. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या टायरांच्या पलीकडे अंधार असतो, तिकडे बघायचं टाळतो. भीती म्हणाल तर ती नाही. आनंदही नाही. पण संध्याकाळी निघताना शटर मी हल्ली पूर्ण खाली ओढत नाही. वीतभर उघडं ठेवतो.