दुसऱ्या हिरोला पाच रुमाल

मनगट धरून ओढत नेणारा हिरो : एक रुमाल. तोही घाम पुसायला.

तीस डेसिबल म्हणजे कुजबूज. दहा डेसिबल म्हणजे आवाज झाला की भास झाला, यावर वाद होऊ शकतो.

आत्या म्हणाली, "दंतवैद्य आहे. सहा फूट. आणखी काय हवं तुला, शिंगं?"

स्मृती गेलेली नायिका आपल्या माणसाला विसरते, पण भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते विसरत नाही. अर्धा रुमाल.

भिंतींना आतून स्पंज. दार लावलं की स्वतःचा श्वाससुद्धा परक्यासारखा ऐकू येतो.

दुसरा हिरो : पाच रुमाल. नेहमीच.

•

यातलं मालिकांबद्दलचं जे आहे, ते तिनं लिहिलेलं. ती एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची आणि उरलेल्या वेळात कोरियन मालिका बघून आपली मतं इंटरनेटवरच्या एका पानावर टाकायची. वाचक दोनशे अकरा. गुण रुमालांत, पाचपैकी.

जेवणाच्या सुट्टीत ती कान तपासायच्या त्या स्पंजाच्या खोलीत जाऊन बसायची. दिवसभर आवाजांशी झटापट, त्यामुळे मालिकेचा आवाज बंद. नुसत्या खालच्या ओळी वाचायच्या. अशीच एकदा आसवं गाळत बसली होती आणि दार उघडलं. खांद्याला अवजारांची पिशवी लावलेला माणूस.

त्यानं तिला पेशंटच समजलं. हातवारे करत ओरडला, "ऐ-कू... ये-तं-य?"

"शेजारच्या इमारतीतसुद्धा," ती म्हणाली.

तो ओशाळला. मग त्याची नजर तिच्या फोनवर गेली. "अरे, बारावा भाग! आता ट्रक येणार."

"सांगू नका!"

"पांढरा."

"कोण आहात तुम्ही?"

"यंत्राची जुळणी करायला आलोय." दाराआड होता होता त्यानं पुन्हा डोकं आत घातलं. "मरत नाही ती. जेवून घ्या."

तिला राग आला होता. रागावलेलं माणूस इतकं हसतं का, ते मात्र रिसेप्शनवरच्या काकूंना कळेना.

•

कामाच्या जागीच प्रेम जुळतं, कारण लेखकाला दुसरी खोली बांधायचा कंटाळा : दोन रुमाल.

•

तर हा मिस्त्री... हे नाव काकूंनी ठेवलेलं... दर महिन्याला यायचा. यंत्र चाळीस म्हणालं तर कानात चाळीसच पडायला हवेत, एवढंच त्याचं काम. वीस मिनिटांचं. चौथ्या महिन्यापासून त्याला दीड तास लागू लागला.

"यंत्र म्हातारं झालंय, की मिस्त्री चोखंदळ झालाय?" काकू विचारायच्या.

"दोन्ही, काकू," तो म्हणायचा आणि एकच स्क्रू काढून पुन्हा बसवायचा.

त्यानं तिचं पान शोधून काढलं होतं. "पहिल्या हिरोचं आणि तुमचं काय वाकडं आहे?"

"दारं आपटतो. आरडाओरडा करतो. आणि शेवटी तिला मिळतो तो हाच."

"आणि दुसरा?"

"दुसरा... बघतो. तिला काय हवंय ते ओळखतो आणि बाजूला होतो. एक शब्द बोलत नाही. असा माणूस..."

वाक्य तिनं तिथंच सोडलं. त्यानं मान खाली घातली आणि स्क्रू जरा जास्तच पिळला.

त्यानंतर तो बदलला. एकदा संध्याकाळी पाऊस लागला. त्यानं आपली छत्री तिच्या हातात दिली आणि स्वतः भिजत निघून गेला. छत्री चांगली मोठी होती. दोघं सहज मावली असती. ती दाराशी उभी राहून त्याच्या भिजलेल्या पाठीकडे बघत राहिली... आता वळेल, आता वळेल... तो कसला वळतोय!

मग आत्यानं दंतवैद्य आणला. काकूंनी बातमी मिस्त्रीपर्यंत पोचवली, उंचीसकट.

"छान," तो म्हणाला. "दंतवैद्याचा हात हलका असतो."

बस्स. एवढंच.

•

ज्या दिवशी सहा वाजता आत्याला हो की नाही ते सांगायचं होतं, त्याच दिवशी जुळणी होती.

"पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येईल," तो वायर गुंडाळत म्हणाला. "मी विभाग बदलून मागितलाय."

"का?"

"असंच... तुम्ही हो म्हणा त्याला. चांगला वाटतो."

"तुम्ही पाहिलंय त्याला?"

"नाही."

"मग कशावरून चांगला? फुटांवरून?"

तो एकदम म्हणाला, "तुमची एकशे चार मतं वाचलीत मी. काही दोनदा. बाजूला होतो त्यालाच तुम्ही पाच देता. दुसऱ्या कुणाला कधी तीनच्या वर नाही. म्हणून मला वाटलं, की..."

ती बघतच राहिली. म्हणजे इतके महिने हा माणूस तिच्याच गुणपत्रिकेबरहुकूम वागत होता! पाचपैकी पाच मिळवायला तिला सोडून चालला होता.

"अगं, पुढचे आजोबा आलेत!" काकूंनी बाहेरून हाक दिली.

"पाच मिनिटं, काकू!" आणि मग त्याला : "आत बसा. कानानं तपासायचं राहिलंय."

तो मुकाट्यानं स्पंजाच्या खोलीत गेला, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं.

"ऐकू आलं तर दाबायचं," काचेच्या अलीकडून ती माइकमध्ये म्हणाली. "बोलायचं नाही. तसं ते तुम्हाला छान जमतं."

साठ डेसिबल. "दुसऱ्या हिरोबद्दलचं माझं मत मी मागे घेते."

तिच्यासमोरचा दिवा लागला.

पन्नास. "पडद्यावर तो छान दिसतो, कारण त्याच्या मनातलं आपल्याला दाखवतात. नायिकेला कोण दाखवतं? ती आपली छत्री धरून उभी."

दिवा.

चाळीस. "भित्रा असतो तो. मीही भित्रीच. म्हणून आवडायचा."

दिवा लागायला जरा वेळ लागला, पण लागला.

वीस. "आज सहा वाजता आत्याला उत्तर द्यायचंय."

दिवा.

तिनं बटण दहावर आणलं. त्याला ओठ दिसू नयेत म्हणून काचेकडे पाठ केली.

"जाऊ नका."

दिवा लागला नाही.

दहा डेसिबल चांगल्या कानांनाही चुकतं, तिनं स्वतःला समजावलं. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना हेच सांगितलं होतं. त्या लोकांना कसं वाटलं असेल ते आज कळलं.

मागं ते जड दार उघडलं.

"बटण दाबलं नाहीत," न वळताच ती म्हणाली.

"बटणानं काय काय सांगू?" तो म्हणाला. "मला नाही जायचं. त्याचा हात हलका असो की जड, तू हो म्हणू नकोस. मला तू आवडतेस... ट्रकच्या आधीपासून."

ती वळली. कान लाल झाले होते, दोघांचेही.

"किती रुमाल?" त्यानं विचारलं.

"तीन."

"तीनच?"

"उशिराचे दोन कापले." आणि तिनं हात पुढं केला. त्यानं मनगट धरलं नाही. बोटं धरली.

"आजोबांना आत पाठवू, की अजून जुळणी चाललीय?" काकूंनी विचारलं.

आत्याला तिनं सहाची वाट न बघता पावणेपाचलाच फोन केला.

•

त्यानं पहिली कोरियन मालिका पाहिली ती एकोणिसाव्या वर्षी. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तिला पडद्यावरच्या ओळी वाचता येत नव्हत्या. सोळाच्या सोळा भाग त्यानं तिच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवले, नायिकेची वाक्यं बारीक आवाजात.