आजीचे हात का अडखळतात?

पडद्यावर आजीचा उजवा हात कपाळापाशी होता. मग तो एकदम कमरेपाशी होता. मधल्या वाटेत तो कुठे गेला आणि काय बोलला, हे कुणालाच कळलं नाही.

"पुन्हा लाव," आजोबा म्हणाले.

मी पुन्हा लावलं. कपाळ, थांबा, कंबर. सकाळपासूनची ही नववी वेळ होती.

"राहू दे, शाल्मली. बंद कर ते."

माझ्या आजीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात तिने नि आजोबांनी मिळून आपल्या खास खुणा तयार केल्या होत्या. शाळेत शिकवतात त्या खुणांच्या भाषेत त्या सापडत नाहीत. मी जन्मण्याआधीच ती गेली. तिचं बोलणं राहिलं ते एकाच डीव्हीडीवर, २००८ साली आजोबांनी काढलेल्या अकरा मिनिटांच्या चित्रीकरणात. आता २०५८ साल आहे. डीव्हीडी वाचणारं यंत्र आमच्या कऱ्हाडात तरी दुसरं कुणाकडे नाही. आमच्याकडे आहे, कारण आजोबांनी तरुणपणी घरातल्या थिएटरसाठी स्वतः जोडलेला संगणक त्यांनी कुणालाच टाकू दिला नाही.

आजोबा नदीच्या गाळाचे शास्त्रज्ञ. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांनी काम केलं आणि आता तेच डोळे चाललेत. दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, उजेड टिपणारा पडदा) झिजत चाललंय. दिवाळीपर्यंत नुसता उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. आवाज असता तर आजोबांनी तो नंतरही ऐकला असता. पण आजीचं बोलणं ऐकता येत नाही, ते बघावंच लागतं. आणि दिवाळीला तेरा दिवस उरले होते.

त्यात ही सगळी माझीच करणी होती. खंडेनवमीला आम्ही घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो. विळी, बाबांचा पाना, आमचा यंत्रमानव सदू, सगळ्यांना हळदकुंकू. जुन्या संगणकालाही मीच लावलं. पुढून नुसतं बोट टेकवलं असतं तर भागलं असतं, पण मला भारी भक्ती. मी डीव्हीडीचा ट्रे उघडला आणि आत कुंकवाची चिमूट सोडली. दसऱ्याच्या संध्याकाळी आजोबांनी डिस्क घातली तेव्हा ती वाचलीच जाईना. बाबांनी संगणक चालू ठेवूनच यंत्र उघडलं, भिंगावरचं कुंकू मऊ फडक्याने पुसलं. मग चित्र आलं, पण हे असं, ठेचकाळत. "भिंगाला ओरखडे पडले असणार," बाबा म्हणाले आणि कामाला पुण्याला गेले. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आठ दिवस मी डिस्क पुसत होते. सदूही पुसत होता. पुसून पुसून डिस्कच झिजेल, असं आजोबा म्हणाले.

"मी एक विचारू का?" सदू म्हणाला. तो काहीही करायच्या आधी विचारतो, त्यामुळे कामं उशिरा होतात. "डिस्क लावली की या संगणकाचं डोकं फार तापतं. एरवी तापत नाही."

सदूच्या डोळ्यांना उष्णता दिसते. पोळी करपायच्या आत त्याला कळतं ते त्यामुळेच.

"जुनं आहे, तापणारच," आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"पण काल मी संगणकातच साठवलेली तुमच्या नदीच्या गाळाची फिल्म लावली होती," मी म्हटलं. "ती छान चालली. तेव्हा तापला होता का रे?"

"नाही. कोमट होता."

आजोबांनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा प्रयोगशाळेतल्या माणसासारखा दिसला, पण फार वेळ नाही.

"बस इथे," ते म्हणाले. "फिल्ममध्ये खरं तर काहीच हलत नसतं. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम (स्थिर चित्रं) डोळ्यासमोरून जातात आणि आपल्याला हात हलल्यासारखा वाटतो. ही चित्रं डिस्कवर घडी घालून ठेवलेली असतात. प्रोसेसर (संगणकाचा हिशेब करणारा मेंदू) त्यांच्या घड्या उलगडतो. एका सेकंदात पंचवीस घड्या. उशीर झाला तर तो मधली चित्रं सोडून देतो."

"म्हणजे आजीचा हात प्रोसेसर गिळतोय?"

"गिळतोय. पण का? उलगडणं जड जात असतं तर कालची फिल्मही अडखळली असती."

"मग भिंग खराब आहे," मी म्हटलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. डिस्कवरची माहिती नुसती वाचायला लाव. चित्र दाखवूच नकोस."

मी तसं केलं. पडदा काळा राहिला. उलगडायला एकही घडी नव्हती.

"तापला," सदू म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी अंश."

"आणि वाचताना चुका?"

मी खाली आलेली नोंद वाचली. चूक एकही नव्हती. वाचन चाललं होतं, फक्त गोगलगाईच्या चालीने.

"भिंग ठीक आहे, पोरी," आजोबा सावकाश म्हणाले. "दुखणं भिंगात नाहीच."

मला रडू आलं. मी आठ दिवस रडायची थांबले होते, तेव्हा ते येणारच होतं. सदूने मला ताटं पुसायचं फडकं दिलं.

"पंगतीतला आचारी आठव," आजोबा सांगू लागले. "त्याचं काम तळायचं. पाणी कुणी दुसऱ्याने आणायचं. पण पाणक्याला रजा दिली आणि आचाऱ्यालाच विहिरीवर पाठवलं तर? तो कळशीमागून कळशी आणणार, घामाघूम होणार, आणि इकडे पंगत खोळंबणार. संगणकात माहिती आणायच्या दोन तऱ्हा असतात. एक डीएमए (माहिती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत नेण्याची पद्धत). दुसरी पीआयओ (माहितीचा प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः उचलून आणण्याची पद्धत). आपल्या संगणकाने पाणक्याला रजा दिलेली दिसतेय."

"पण का दिली?"

"चुकांमुळे. माहिती आणताना पुन्हा पुन्हा चूक झाली की हा जुना संगणक घाबरतो. सहा चुका झाल्या, की ही वाट धोक्याची आहे असं ठरवून तो हळू वाटेला लागतो. दसऱ्याला तुझं कुंकू भिंगावर होतं, तेव्हा सहा चुका झाल्या असतील."

"कुंकू तर बाबांनी त्याच दिवशी पुसलं."

"ते भिंगावरचं. चुकांची नोंद संगणकाच्या यादीत राहिली. वाट मोकळी झालीय का, हे तो आपणहून परत कधीच बघत नाही. जन्मभर कळशीच."

एवढं कळल्यावर आजोबा उठतील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत.

"नोंद पुसायची तर यादीतून डीव्हीडी यंत्राचा जोड (त्याची माहिती येण्याची वाट) काढून टाकायचा आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. मग तो डीव्हीडी यंत्राला नव्याने भेटतो आणि आधी वेगाची वाट धरून बघतो. डिस्कवरचं संगणकात उतरवून घ्यावं तर त्यात जागाच उरलेली नाही. आणि हा एकदा बंद केला तर परत सुरू होईल याची खात्री नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी उठला होता. नाही उठला तर हे अडखळणारं बोलणंही जाईल. असू दे. जेवढी दिसते तेवढी पुरे."

माझ्या तोंडून एकदम गेलं, "म्हणजे तुम्हीही सहा चुकांवर थांबणार."

मोठ्या माणसाला असं बोलू नये. बाहेर घंटागाडी येऊन गेली. मग आजोबा म्हणाले, "कर."

पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती, म्हणून मी वाचत गेले आणि ते सांगत गेले. उपकरणांची यादी. त्यात डीव्हीडीचा जोड. त्याच्यापुढे खरोखरच पीआयओ लिहिलेलं होतं. मी तो जोड काढला आणि संगणक बंद केला. पंखा थांबल्यावर खोलीत इतकं शांत झालं की मला माझाच राग आला.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. आजोबा डोळे मिटून बसले होते. "गेली," ते एवढंच म्हणाले.

तिसऱ्यांदा दाबल्यावर पंखा खोकला आणि फिरू लागला. संगणक सुरू व्हायला चार मिनिटं लागली. यादीत आता डीएमए होतं. मी डिस्क आत सरकवली.

आजीचा हात कपाळापासून निघाला. तो गालावरून उतरला, हनुवटीपाशी जरा थबकला, हवेत एक छोटं वळण घेऊन कमरेवर येऊन टेकला. तिच्या बांगड्याही त्यामागून घसरत गेल्या.

"कोमट," सदू म्हणाला. तो पडद्यासमोर डोळे रोखून सगळं टिपून घेत होता.

आजोबा पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, तो कॅमेरा ठेवा आणि कोथिंबीर निवडायला या. सगळं मीच करायचं का?" त्यांनी पडद्यावरच्या हातावर बोट ठेवलं. "अकरा मिनिटं मला बोलणी खायला लावलीत तिने."

आम्ही ते पाच वेळा पाहिलं. सहाव्या वेळी आजोबांनी आपणहून डोळे मिटले. मला वाटलं थकले. पण त्यांनी तळहात पुढे केला.

"आता तू बोल. इथे, माझ्या हातावर. दिवाळीनंतर मला असंच ऐकावं लागणार आहे."

मी त्यांच्या तळव्यावर आजीची कोथिंबिरीची खूण केली. त्यांनी माझी बोटं धरून जरा वळवली.

"अंगठा वर," ते म्हणाले. "तिचा असायचा."