रिकाम्या घराचं एक मिनिट

टेक १.
दारात एक मुलगा. गळ्यात हेडफोन.
"आंटी हैं? मई में आवाज़ टेस्ट करने आया था, तब चाय पिलाई थी उन्होंने..."
"आई जुलैत गेली."
त्यानं चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या.
नाव यशदीप. सिनेमाचा आवाज रेकॉर्ड करायचं काम. आई गमावलेल्या मुलीचा सिनेमा. तिच्याशी हळूहळू माणसं जोडली जातात म्हणे. त्यासाठी पुरानी बस्तीतलं आमचं घर वीस दिवस हवं होतं. होकार आईनंच दिलेला. मी फक्त दार उघडलं.

टेक ४.
नायिका ग्लिसरीन लावून रडत होती.
"गलत रो रही है," तो माझ्या कानाशी.
"तुले काय माहीत?"
"नाक नहीं पोंछ रही."
मी हसले. जुलैनंतर पहिल्यांदा. नोंद म्हणून सांगते.

टेक ९.
त्याला सांगून टाकलं – आईचा चेहरा आठवतो, आवाज पुसट होतोय. तिचा फोन पाण्यात पडला, त्यातले तिचे सगळे व्हॉइस मेसेज गेले. एकदा ऐकायला मिळाला असता, तर...
त्यानं वायर गुंडाळली.
त्यानंतर मात्र रोज काहीतरी विसरायचा. बॅटरी. छत्री. एकदा तर एकच चप्पल. आणि घ्यायला परत यायचा.

शेवटचा दिवस.
सगळे गेले. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.
"काहून रे, मराठी घरचा पोट्टा अन् हिंदीत बोलून राहिला? चाय पेल्याबिगर जाऊ नको!"
आई.
मागून, आतल्या खोलीतून, वैतागलेली मी: "आई, त्याले काम करू दे नं!"
तीन वेळा ऐकलं. नाक पुसलं.
"हे मेपासून तुझ्याजवळ आहे? मी सांगितलं, तेव्हाही होतं?"
तो पहिल्यांदाच मराठीत, अडखळत – "देऊन टाकलं असतं... तं मले यायले कारण नसतं उरलं."
"लबाड!"
"हव," त्यानं मान डोलावली.
रागवायचं होतं. तेवढ्यात त्यानं माइक उचलला. "एक मिनिट. रिकाम्या घराची शांतता रेकॉर्ड करायची राहिली. हलू नको, दीपमाला."
पंखा बंद. दहा सेकंद... वीस...
चाळिसाव्या सेकंदाला मी त्याचा हात धरला. बांगड्या वाजल्या.
"आवाज आला," तो कुजबुजला. "परत घ्यावं लागते."
"घे नं. उद्या ये... चहाच्या वेळेले."