विंचरलेली वाळू

आम्हा लात्वियन लोकांत कबरीभोवतीची वाळू विंचरून ठेवायची रीत आहे. दंताळ्याने एकसारख्या रेघा ओढत, उलट्या पावली मागे सरत बाहेर यायचं. आपलं स्वतःचं पाऊलही मागे राहता कामा नये. ऑगस्टमध्ये कबरींचा सण असतो, तेव्हा मिशिगनमधली आमची सगळी मंडळी सकाळपासून अशी ओणवी झालेली असते.

बाबा त्या वसंतात गेले होते. प्रार्थनेनंतर त्यांच्या कबरीपाशी एवाल्ड्सकाका बोलणार होते. दोघे दुसऱ्या महायुद्धात एकाच तुकडीत होते. जर्मनांनी त्रेचाळीस साली बळजबरीने भरती केलं, गणवेश परक्यांचा घातला पण लढलो मायदेशासाठी, असं काका प्रत्येक सोबत्याच्या कबरीवर सांगत. मी शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गातल्या अमेरिकन मुलांना मीही हेच सांगायचे.

वाळू विंचरून मी फुलांसाठी पाणी आणायला नळावर गेले. परत आले तर वाळूत पावलं उमटलेली. अनवाणी.

"कुणाची पोरं सोडलीत इकडे?" शेजारच्या कबरीवर वाकलेल्या लूत्सियामावशींना मी विचारलं.

"पोरं?" त्या हसल्या. "अगं, आपल्या मंडळीत सगळ्यात लहान तूच. आणि तुझेही गुडघे बदलून झालेत."

मी पुन्हा विंचरलं आणि तिथेच उभी राहिले. मावशींनी मेणबत्ती मागितली, ती द्यायला वळले, तेवढंच.

पावलं पुन्हा उमटली होती. बायकांची. काही अगदी लहान. कबरीच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभं राहावं तशी ओळीने, बोटं कबरीकडे. परत जाणारं एकही नव्हतं. एका ठशात मी बोट घातलं. ऊन चटके देत होतं, आणि आतली वाळू ओली, बर्फासारखी गार. बोटाला समुद्राचा वास आला. आमची सरोवरं गोड्या पाण्याची. हा वास खारा होता.

बाबांच्या गावाला समुद्र होता. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात तिथल्या वाळूत ज्यू बायकापोरांना कपडे उतरवायला लावून गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या घालणाऱ्यांत आमची लात्वियन माणसंही होती. बाबा म्हणत, तेव्हा ते आत्याच्या शेतावर होते. कुठलं शेत, असं विचारलं की ताटावरून उठत.

"झालं का गं, वेल्टा?" काका भाषणाचा कागद घेऊन आले. "पाद्रीबुवा निघालेत. आज तुझ्या बापाचं असं नाव काढतो, की..."

त्यांची नजर खाली गेली.

कुणाची पोरं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातातलं दंताळं हिसकावून ते भराभरा वाळू ओढू लागले. धाप लागली तरी थांबेनात.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आम्ही त्रेचाळीसला भेटलो. त्याआधी तो किनाऱ्यावर काय करत होता, मला माहीत नाही."

"किनाऱ्याचं मी बोललेच नाही."

दंताळं थांबलं.

"गेलेल्या माणसाची लाज राख, पोरी."

"भाषण नको, काका."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"नको."

मंडळी जमली. काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. स्तोत्र सुरू झालं. वाळूत पावलं पुन्हा उमटली होती. सगळे मान वर करून, पाइनच्या शेंड्यांकडे बघत गात होते. मावशीसुद्धा. खाली कुणीच पाहिलं नाही.

मी पाहिलं.

अनवाणी ओळीच्या मागे आता बुटांचे ठसे होते. जड, खिळे मारलेल्या तळव्यांचे.

डाव्या टाचेची बाहेरची कड खोल रुतलेली. बाबांचा पाय असाच पडायचा.

त्या कडेची वाळू अजून हळूहळू आत ढासळत होती. बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाने अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा, तशी.