कोक-तेरची तार

त्या दिवशीचं काम साधं होतं. कोक-तेरची जुनी वीजतार उतरवायची, गुंडाळायची आणि उझगेनच्या गोदामात आणून टाकायची. दोन वर्षांपूर्वी वसंतात तिथं डोंगर खचला. गाव खाली हलवलं. एक घर तेवढं मातीतून निघालंच नाही. त्या घरात बुरुल-एजे होती, माझे कामातले वडीलधारे जोडीदार मेदेरबेक बाइके यांची थोरली बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला एजे म्हणतात, थोरल्या माणसाला बाइके. मी बाइकेंना म्हटलं होतं, तुम्ही येऊ नका.

"मग तार काय तुझी सासू गुंडाळणार?" बाइके म्हणाले.

शरदातलं लख्ख ऊन होतं. नाल्याशी तारेचं तुटकं टोक गवतात पडलेलं. त्याच्या खालचे खांब आम्हीच मागच्या वर्षी उपटून नेले होते. तरी हात लावायच्या आधी सवयीनं मी टेस्टर टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला.

"बिघडलाय तुझा. हा घे माझा."

त्यांचाही लागला.

"कुणी जनरेटर जोडला असेल वर," मी म्हणालो.

"कुणी? गिधाडांनी?"

तारेला न शिवता आम्ही खांबाखांबानं वर चढलो. शेवटच्या खांबावरून तार खाली उतरून थेट मातीत शिरत होती, एजेचं घर गाडलं गेलं तिथं. मागच्या वर्षी ती सैल लोंबताना मी पाहिली होती. आता ताणलेली होती. दरडीवर गुडघाभर गवत माजलं होतं. एकाही शेळीनं त्याला तोंड लावलं नव्हतं.

बाइकेंनी पिशवीतून टाँग टेस्टर काढला. त्याचा जबडा तारेभोवती मिटला की तारेतून किती वीज वाहतेय ते कळतं. पण वाहायला वीज कुठून तरी यावी लागते, आणि या तारेचं दुसरं टोक गवतात पडलं होतं.

आकडा पाऊण अँपिअरवर आला. काही वेळानं शून्य. पुन्हा पाऊण.

"फ्रीज," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाइकेंनी टाँग टेस्टर माझ्या हातात दिला. डोक्यावरची टोपी नीट केली. तार मातीत शिरत होती तिथं जाऊन उभे राहिले आणि दारात उभं राहून बोलावं तसं हळूच म्हणाले,

"एजे, मी आलोय. मेदेर."

आकडा आठवर गेला.

आठ म्हणजे चहाचं पाणी उकळायचा विजेचा समोवर. दारात पाहुणा आला की आमच्याकडे आधी तोच लावतात.

वारा पडला होता. मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त पायातले बूट काढावेसे वाटले, आणि मी ते काढले.

आकडा हळूच खाली आला.

पाणी उकळलं होतं.

"बाइके, चला आता."

"बस जरा," ते म्हणाले. मांडी घालून ते गवतात बसले होते. "उभ्याउभ्या कुणी परत जातं का?"

मी बसलो.

ऊन कड्यामागं गेलं तेव्हा आकडा शून्यावर आला आणि तिथंच राहिला. टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. शेवटचा तुकडा आम्ही तसाच ठेवायचं ठरवलं. खाली जाताना बाकीची तार गुंडाळून न्यायची होती.

मी बाइकेंना उठवायला हात दिला. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती.

त्यांचे दोन्ही तळवे गरम होते, नुकताच चहाचा वाडगा खाली ठेवल्यासारखे.